घालनारा खुशाल हाये नं?

डोक्यावरची टोपली खाली ठेवण्याआधीच ती दारातून विचारायची, "घालनारा खुशाल हाये नं?"

आईनं हो म्हटलं की मगच बाबांचा जुना सदरा हातात घ्यायची आणि बदल्यात द्यायची जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, भांडी मांडायची. गेलेल्या माणसाचा कपडा ती घेत नसे. खामगावात भांड्यांवर कपडे घेणाऱ्या बाया पुष्कळ, पण हा प्रश्न हिचाच. एकदा बाबा आतूनच ओरडले, "अजून तरी आहे!" तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली होती.

ते कपडे धुऊन, सांधून ती आठवडी बाजारात विकायची. गिऱ्हाईक म्हणजे कापसाच्या जिनिंगमधले हमाल. मी कॉलेजात गेलो त्या सुमाराला तेही गिरणीचं स्वस्त कापड घेऊ लागले, आणि त्यांची पोरं तर टेरिलीनशिवाय बोलत नसत. "हात तं लावून पाह्य, बाबू," ती म्हणायची. पोरं नाक दाबून पुढे जायची.

विक्री नाही असं पाहून शेजारचा बांगडीवाला दर बाजाराला तिच्या जागेत वीतभर सरकायचा. तिला नवरा नव्हता, मूल नव्हतं. बाजारातली तेवढी जागा हाच तिचा संसार. "हे बी गेलं तं मी कोठी बसू?" ती मला विचारायची, आणि मी तिच्या ढिगातल्या सदऱ्यांच्या घड्या घालू लागायचो.

एका बाजारी बघतो तर ढीग गायब! दोन बांबूंना दोरी, दोरीवर रंगांप्रमाणे लावलेले सदरे: पांढरे, मग आकाशी, मग निळे. कॉलरींना खळ, आणि तुटक्या गुंड्यांच्या जागी सगळीकडे लाल गुंड्या. पुढे फुटका आरसा. दोन सदरे तर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या भरून उभे केले होते. तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता. शेतातली बुजगावणीच ती.

"काऊन हासता बे?" ती पोरांवर खेकसली. मग माझ्याकडे वळली. "बाबू, तूच घालून हिंड. जित्या अंगावर शोभते."

मी हिंडलो. खरं सांगायचं तर ऐटीत हिंडलो. "कोठून घेतला बे?" करत मित्र मागे आले. दुपारपर्यंत चार सदरे गेले आणि बांगडीवाला वीतभर मागे सरकला. तिचा त्या दिवशीचा चेहरा मला फार आवडला होता.

तिसऱ्या बाजारी तिनं मला पिवळ्या चौकड्यांचा टेरिलीनचा सदरा दिला. जवळजवळ कोरा. तो घालून मी भाजीच्या ओळीत शिरलो, तोच मागून कोणीतरी कुणाचं तरी नाव घेत धावत आलं आणि माझा खांदा धरला. वळलो. एक बाई होती. माझं तोंड बघून ती थांबली, पण सदऱ्यावरचा हात तिला काढवेना.

तिचा मुलगा दोन महिन्यांपूर्वी तापानं गेला होता, भाजीवाल्या कुजबुजल्या. डोळ्यासमोर नको म्हणून जावेनं त्याचा सदरा परस्पर भांड्यावर दिला होता.

त्या बाईनं माझी वरची गुंडी लावली. "उघडा नको हिंडू, बाप्पा. हवा लागते." आणि ती गेली.

मी परत आलो तेव्हा बाजारात बोभाटा झालाच होता. पोरं सदरे परत फेकत होती. "हा बी मेलेल्याचाच का वं?" एक पोरगा ओरडला. ती आपल्या दोरीखाली बसली होती.

"विचारलं नव्हतं?" मी म्हणालो.

"नाई इचारलं, बाबू. रंग पाह्यला अन् वाटलं, याच्यावर पोरं तुटून पडतीन. इचारलं असतं अन् देनारीनं खरं सांगतलं असतं तं?"

मी तरी कुठे विचारलं होतं? इतका नवा सदरा कोणी टाकून का देईल, हे मला सुचलंही नाही. ते मला अजून खुपतं.

पुढच्या बाजारी तिच्या बांबूंवर बांगड्या टांगलेल्या होत्या. ती जायची ती सगळी घरं मी पालथी घातली. एका दारात तेवढं कळलं की येऊन गेली. त्या घरच्या बाईनं घडी घातलेला सदरा पुढे केला होता.

"टोपली तं उतरवलीच नाई तिनं," ती बाई म्हणाली. "तोंड उघडलं, मिटलं, अन् सदरा न घेताच निंगून गेली. मले वाटलं, आज इचारलं काऊन नाई?"