खांद्याचं तेल
आज नोव्हेना स्टेशनात एमआरटी मेट्रोची वाट बघताना शेजारच्या चिनी आजोबांनी औषधी तेलाची बाटली उघडली आणि त्या उग्र, कापरासारख्या वासानं मला थेट दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराच्या इथल्याच आंग मो किओ भागात नेऊन बसवलं. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, आम्ही कोल्हापूरकडचे काही इंजिनिअर रविवारी सकाळी कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत कडाकडा भांडायचो. त्या दिवशीचा विषय होता, विद्यापीठांच्या राष्ट्रीय कुस्तीत एकदाच विजेते ठरलेल्यांत सगळ्यांत थोर पैलवान कोण. एका मित्राचे वडील गावाहून आले होते. कॉलेजात असताना त्यांनीही ते विजेतेपद एकदाच जिंकलेलं, त्यामुळे मित्र टेबलावर मूठ आपटत होता, "आमच्या अण्णांसारखा झालाच नाही!" अण्णा कुस्तीत फुटलेला आपला कान चोळत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "चुकतोयस लेका. पुढच्या वर्षी फायनलला ज्यानं मला चितपट केलं, तो खरा. ढाकेचा डाव मारताना त्याचा खांदा निखळला, तरी त्यानं मला सोडलं नाही. जिंकला, पण परत आखाड्यात उतरला नाही." मित्रानं हळूच विचारलं, "आता कुठं असतात ते?" "शेजारच्याच गावात," म्हणत अण्णांनी पायाशी ठेवलेली पिशवी उघडली. आत याच तेलाच्या बाटल्या होत्या. आम्हाला वाटलेलं, स्वतःच्या गुडघ्यांसाठी घेतल्यात. "थंडीत लई दुखतो त्याचा खांदा," ते म्हणाले. वाद मिटला असं अण्णांना वाटलं असेल; माझं मत मात्र त्या पिशवीकडे बघून मित्राच्या बाजूनं पडलं, आणि अजून तिथंच आहे.