पंच्याहत्तर नव्हे, त्रेसष्ट

शेषरावकाका गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बीडच्या ऑफिसात बंद करायच्या जुन्या टेलिफोन लाइनींची यादी करत बसलो होतो. फोन काकांच्या मुलीचा होता. "आप्पा गेले, सायब," एवढंच ती म्हणाली. दोन आठवडे आजारी होते म्हणे, मला पत्ताच नव्हता. त्यांच्या गावी, तलवाड्याला, मातीला जायचं धाडस मला झालं नाही. आता सव्वा महिना झाला. जुने सहकारी भेटले की काकांच्या हुशारीचे किस्से निघतात, मीही दोन-चार सांगतो. पण एक गोष्ट मी परवापर्यंत कुणालाच सांगितलेली नव्हती, आणि ती सांगितल्याशिवाय या माणसाविषयी लिहायचा मला काहीएक अधिकार नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ठेक्यानं टेलिफोनची कामं घेणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी साहेब म्हणून लागलो. डिग्री ताजी होती आणि डोकं त्याहून गरम. गेवराई तालुक्यातल्या आमच्या एक्सचेंजात काका टेक्निशियन होते, माझ्या वडिलांच्या वयाचे. हिशेब कागदावर करायचे नाहीत, मशीनच्या मागच्या भिंतीवर पेन्सिलीनं करायचे. "कागूद हरवतो, भित कुठं जातीया?" म्हणायचे. पाहुणे अधिकारी यायचे तेव्हा ती भिंत बघून मला लाज वाटायची.

त्या हिवाळ्यात सगळ्या जुन्या लाइनी नव्या फायबरवर न्यायच्या होत्या. जुनी एकेक लाइन दोन एमबीची, म्हणजे दोनहून जराशी जास्त, आणि अशा एका लाइनीवर एका गावाचा मोबाइल टॉवर चालायचा. फायबर एकशे पंचावन्न एमबीचं. मी कॅल्क्युलेटरवर भागाकार केला, उत्तर आलं पंच्याहत्तर. आपल्या लाइनी अडुसष्ट, म्हणजे सगळ्या बसून सात जागा उरतात. मी खूश.

"सायब, त्रेसष्टच बसतेत," काका म्हणाले.

"कावून बे?" मी त्यांच्याच बोलीची नक्कल करत विचारलं. बापाच्या वयाच्या माणसाला... आज लिहिताना कान तापतात.

काका चिडले नाहीत. म्हणाले, "यष्टीत डायवर-कंडक्टर बी बसतेत. त्यांच्या शिटाचं तिकीट फाडता का तुमी? फायबरला बी सोताच्या कामाला जागा लागती. राहिलेल्यात त्रेसष्ट."

मी हसलो. भागाकार शाळेत शिकलोय, म्हणालो. ते एवढंच बोलले, "मंग जुनं सामान आठ दिस राहू द्या. नीट चाललं की काढू." मी दुसऱ्याच दिवशी जुनं सामान उतरवून टेम्पोनं बीडला धाडायच्या कागदावर सही केली.

त्रेसष्ट लाइनी बसल्या. पाच उरल्या. त्यातली एक चकलांब्याच्या टॉवरची होती. जुनं सामान परत आणून जोडेपर्यंत चार दिवस गेले. ऊसतोडीचे दिवस, गावातली कर्ती माणसं लांब कारखान्यांवर, आणि घरी म्हातारी-पोरं. नेमका त्याच दिवसांत तिथला एक म्हातारा वारला. त्याची दोन्ही पोरं उसाच्या फडात, आणि फोन काही लागेना. मुकादमाला गाठून निरोप पोचला तिसऱ्या दिवशी. तोवर शेजाऱ्यांनी म्हाताऱ्याला अग्नी देऊन टाकला होता.

पाचव्या दिवशी ते दोघे भाऊ पंधरा-वीस माणसं घेऊन एक्सचेंजात आले. "कोन हाय बे हितला सायब? बापाचं तोंड न्हाई दिसलं आमाला!" मी दारातच उभा होतो. तेवढ्यात काका माझ्या पुढं आले आणि हात जोडले. "चूक माजी हाय. लाइनी मी मोजल्या." थोरल्यानं त्यांची गचांडी धरली, एक मुस्कटात ठेवून दिली, आणि मग तोच पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. काका त्याच्या शेजारी बसून राहिले.

सगळे गेल्यावर सदऱ्याचं तुटलेलं बटण शोधत काका म्हणाले, "तुमाला लई मारलं आसतं, सायब. मला वळखतेत. आता कंपनीला काय ते खरं लिवा."

मी लिहिलं. 'टेक्निशियनच्या मोजणीत चूक झाली' असं लिहिलं. लग्न ठरलं होतं, नोकरी नवी होती... कारणं हवी तेवढी होती. आठवड्याच्या आत काकांना घरी बसवलं. पुढं ते तलवाड्याला मिक्सर, पंखे दुरुस्त करत राहिले. मला मात्र बढती मिळाली.

मी दर दिवाळीला मिठाईचा पुडा घेऊन त्यांच्याकडं जायचो. बीडमधून निघताना कबुलीचं वाक्य तयार असायचं. काका चहा द्यायचे, "आता फायबर किती एमबीचं आलंय?" असं कौतुकानं विचारायचे, आणि त्यात जुन्या लाइनी किती बसतील ते बोटांवर मोजून सांगायचे. त्यांचा आकडा चुकायचा नाही. चहा संपायचा, आणि वाक्य घशातच राहायचं. अशा किती दिवाळ्या गेल्या.

परवा शेवटी गेलो. काकांच्या पत्नी, गयाकाकू, ओट्यावर बसल्या होत्या. मी चप्पलही न काढता सगळं एका दमात सांगून टाकलं. भागाकार, सही, ते पत्र.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "त्यांनी लाइनी कदी चुकीच्या मोजल्या न्हाईत."

"काका काही बोलले होते?"

"न्हाई." काकूंनी रस्त्याकडं पाहिलं. "दिवाळीला तुमी येऊन गेलात की ते दारातच हुबे राहायचे. मी म्हणायची, गेले की सायब, चला आता आत. तर म्हणायचे, थांब गं... त्यांचं कायतरी बोलायचं राह्यलंय. येतील माघारी."