दिवाळं निघण्याआधी मामांनी कौलं बदलली

वकिलाच्या घरी किस्से ठेवायला कपाट लागत नाही. फायली कोर्टात जातात, परत येतात, वाळवी लागली की आम्ही त्या जाळतो. किस्से मात्र बारसं असो, लग्न असो, पंगतीत फिरतच राहतात. त्यातून कुंभकोणमची आम्ही मराठी घरं म्हणजे सगळे एकमेकांचे सोयरे. दिवाळं एकाचं निघतं, करमणूक सगळ्यांची होते!

हे दिवाळं माझ्या सख्ख्या मामांचं. नाचियार्कोविलचे पितळी दिवे विकायचं त्यांचं दुकान. गिऱ्हाइकं ऑनलाइन गेली, मामांनी दुकान सजवायला कर्ज काढलं, मग ते फेडायला दुसरं. शेवटी मीच, त्यांची वकील भाची, म्हणाले, "मामा, आता दिवाळखोरीचा अर्ज टाकूया."

पण घर गळत होतं, आणि आमच्याकडचा दिवाळीचा पाऊस तोंडावर आला होता. एकदा अर्ज पडला की मामांच्या हातातल्या पैशावर कोर्टाची नजर. म्हणून त्याआधीच अगदी आवश्यक तेवढी दुरुस्ती उरकायची. त्यात घर मामींच्या माहेरचं, त्यांच्याच नावावर. मामांनी बायकोच्या घरात पैसा जिरवला असं कोर्टाला वाटलं, तर अर्ज फेटाळला जाणार आणि सावकार मामांना सिव्हिल जेलात धाडायला मोकळे.

मामा वरवर हसायचे. एकदा मात्र हळूच म्हणाले, "अगो, जेलात कॉफी कशी देतात?" मी हसले, आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

*

आवश्यक म्हणजे काय, हे ठरवायला आम्ही तिघं बसलो. मामा, मामी आणि मी.

"पहिली ऊंजलाची साखळी," मामा म्हणाले. ऊंजल म्हणजे हॉलमधला झोपाळा. साखळी फार कुरकुरत होती.

"मामा, हे कोर्टात कसं सांगू? आवश्यक कशासाठी?"

"काय पुसतेस अगो! ऊंजलावर बसल्याशिवाय मला विचार करता येत नाही!"

मामी भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "धंद्याचे सगळे विचार तिथंच बसून केलेत ना?"

साखळी राहिली तशीच.

*

मी मामांना बजावलं होतं, "ज्याचं जुनं देणं आहे, त्याला आता एक पैसाही द्यायचा नाही. एकाला दिलं की बाकीचे कोर्टात बोंब मारतील. काम नव्या माणसाकडूनच करून घ्यायचं."

बोलायला काय जातं! नेहमीच्या गवंड्याकडून मामांनी हातउसने घेतलेले. प्लंबरकडून मुलीच्या फीसाठी घेतलेले. कौलं विकणारा तर मामांना पाहून दुकानातून बाहेरच आला, "या या, तुमचीच वाट पाहत होतो!" मामा तिथूनच मागे फिरले.

"अहो, तुम्ही कोणाला सोडलंय तरी का?" मी वैतागून विचारलं.

"ज्यांना मी ठाऊक नाही, त्यांना!" मामा म्हणाले.

शेवटी मामी बसनं इन्नंबूरला गेल्या आणि तिथला गवंडी घेऊन आल्या. त्यानं शिडी लावली, मामांकडे बघितलं आणि थबकला. "दिव्यांचे दुकानवाले ना? माझ्या मेहुण्याचे पैसे तुमच्याकडे अडकलेत!"

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "मेहुण्याचं देणं मेहुण्याला. यांचं काही नाही. चढा वर!"

*

गवंडी त्या दिवशी नुसतं माप घेऊन गेला. कौलांना हात लावण्याआधी पुरावा म्हणून गळतीचा फोटो हवा होता, तर पावसानं दडीच मारली. एका सकाळी मी घरी गेले तर मामा शिडीवर, हातात पाण्यानं भरलेली बादली.

"मामा! हे काय?"

"तूच म्हणालीस ना फोटो हवा म्हणून?"

"अहो, पुरावा आपण तयार करायचा नसतो!"

"अय्यो! मग पाऊस पडेपर्यंत मी काय करू?"

"खाली उतरा!"

संध्याकाळी पाऊस असा काही कोसळला की विचारू नका. हॉलमध्ये धारा लागल्या. आम्ही तिघं भिजत, फोटो काढत, आनंदानं ओरडत होतो. शेजारीण धावत आली, "काय झालं? लॉटरी लागली का?"

"घर गळतंय!" मामा आनंदानं म्हणाले. ती बिचारी आल्या पावली परत गेली.

*

पावसाच्या सरी चुकवत कौलं बदलून झाली. मग आली बिलाची पाळी. इन्नंबूरच्या गवंड्यानं जन्मात बिल दिलं नव्हतं. मी म्हटलं, बिल नाही तर पैसे नाहीत. दुसऱ्या दिवशी तो आंघोळ करून, विभूती लावून आला आणि दोन्ही हातांनी मामांना कागद दिला. वर पिळ्ळैयारचं, म्हणजे गणपतीचं, चिन्ह, खाली हिशेब, आणि आयुष्यातलं पहिलंच बिल म्हणून चारही कोपऱ्यांना हळद!

आता आमच्या गावात एखाद्यानं 'पिवळा कागद दिला' म्हणजे त्यानं दिवाळं जाहीर केलं. मामांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"घ्या! अजून मी अर्जसुद्धा टाकला नाही, आणि हा माझ्याआधी मोकळा झाला!"

*

अर्ज पडला, आणि सुनावणीला एक सावकार वकील घेऊन हजर झाला. वकील म्हणाला, घर ठणठणीत होतं, गळती म्हणजे थाप, बायकोच्या घरात पैसा लपवायची युक्ती. माझे फोटो त्यानं बाजूला सारले. म्हणे, फोटो कुठल्याही घराचे काढता येतात! मामा माझ्यामागे उभे होते. मी मागे हात नेऊन त्यांचा हात धरून ठेवला.

न्यायाधीशांनी सावकारालाच पुढे बोलावलं.

"तुम्ही ते घर आतून पाहिलंय?"

"पाहिलंय म्हणजे? रोज वसुलीला जातो, अय्या. हॉलमध्येच बसतो." अय्या म्हणजे आमच्याकडचं 'साहेब'.

"पाऊस असतानाही?"

"पाऊस म्हणून वसुली सोडतो का, अय्या?"

त्याचा वकील जोरात खोकला. सावकाराचं लक्षच नव्हतं.

"मग खरं सांगा, गळत होतं की नव्हतं?"

सावकार वकिलाकडे बघायला लागला. न्यायाधीश म्हणाले, "तिकडे नाही, इकडे बघा."

"गळत होतं, अय्या."

"म्हणजे दुरुस्ती आवश्यकच होती. मग तुमची तक्रार तरी काय आहे?"

सावकाराचा इतके दिवस दाबलेला राग एकदम वर आला. मामांकडे बोट दाखवून तो ओरडला, "घरभरची कौलं बदलली, अय्या! माझ्या खुर्चीवरचं सगळ्यात शेवटी!"