हार घातलेली माझी फ्रेम

आता हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तेव्हा सांगूनच टाकतो. गेल्या महिन्यात मी एक दुपारभर मेलो होतो. तेही फोनमध्ये जागा करण्याच्या नादात!

बायको जाऊन वर्ष होत आलेलं. वर्षश्राद्धाला तिचा अलीकडचा फोटो हवा होता. तिचाच फोन मी वापरतो, पण तो सारखा बजावायचा, जागा संपली. इंदूरहून मुलगी म्हणाली, "पप्पा, फालतू फोटो डिलीट करा ना!"

फालतू? शेकडो फोटो, आणि सगळे माझे! मी पेपर वाचताना, मी केळं सोलताना, मी तोंड उघडं टाकून झोपलेला. तिचा एकही नाही. असणार कसा? फोन तिच्या हातात. "आण इकडे, तुझा काढतो," असं मी कधी म्हणालोच नव्हतो.

तरी तिने काढलेले फोटो पुसवेनात. मग माझ्यातल्या रिटायर्ड मास्तराला अक्कल सुचली. आधी सगळे नातेवाइकांच्या ग्रुपवर ठेवायचे, मग पुसायचे! धडाधड चाळीस पाठवले, एक अक्षर न लिहिता. फोन तापून बंद पडला. तो चार्जिंगला लावला आणि मी चादर ओढून झोपलो.

ग्रुपवर माणसाचा नुसता फोटो, शब्दाशिवाय, कधी येतो? तुम्हाला ठाऊक आहे. मला नव्हतं!

जाग आली ती हंबरड्याने. दारात दापोरा गावचा माझा मेहुणा प्रकाश, मागे त्याची बायको.

"दाजी गेले हो! परसोंच तर बात झाली होती!"

परसों? शेवटची बात दिवाळीला झाली होती!

मी उठून बसलो. त्याची बायको किंचाळली, "अहो, हलले!"

"कोण गेलं, प्रकाश?"

"तुम्ही! ग्रुपवर बघा ना, सगळ्यांनी श्रद्धांजली दिली!"

वर्षभर ज्यांना एक फोन करवला नाही, त्यांनी तासाभरात इतकी फुलं पाठवली की आधीच भरलेला फोन ओसंडून वाहिला.

"आणि तुझ्या बगलेत काय आहे?"

तो चाचरला. "स्टुडिओत अर्जंट करून घेतली, दाजी." मोठी फ्रेम. हारासकट. आरशासमोर भांग पाडणारा मी.

आणि आरशात, माझ्या खांद्यामागे, फोन धरून हसणारी ती.

फोनवर मी फक्त मलाच पाहिलं होतं.

"ताई," प्रकाश हळूच म्हणाला.

वर्षश्राद्धाला तीच फ्रेम मांडली. मला कापलं तर तिचा हात जातो, म्हणून राहू दिलं. मुलीने हार जरा सरकवला. माझं तोंड पूर्ण झाकलं.

"राहू द्या, पप्पा," ती म्हणाली. "आता कुठे फोटो चांगला आलाय."