ताटातली मशीद

नीलांबरी कुलथे मूळची नाशिकची, राहायला कतारच्या दोह्यात, अल नस्र भागात. तिथल्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या आदल्या वर्षी तिने लक्ष्मीपूजनाच्या ताटात शंभर रियालची नवी नोट ठेवली. नोटेवर मशीद छापलेली. तिचा नवरा अभिजित घाबरला.

"शेजारचे सलीमभाई फराळाला येतील. त्यांनी पाहिलं तर? आपले रुपये ठेव."

"रुपयांनी इथलं भाडं भरलंय कधी? ज्या पैशावर घर चालतं, त्याचीच पूजा होणार."

"निदान मशीद तरी खाली कर," म्हणत त्याने नोट पालथी घातली.

नीलांबरीने ती पुन्हा सुलटी केली. कुंकू मात्र नोटेला न लावता विड्याच्या पानाला लावलं.

"माझ्या लक्ष्मीपुढे अल्लाचं घर पालथं पडणार नाही," ती म्हणाली. "आणि सलीमभाईंना आता फराळाला नको, आरतीलाच बोलाव."