अण्णांच्या मानेवरची हळद

मी संगमनेरला एमआरआय मशीनवर काम करते. दिवसभर माणसांच्या आतलं बघायचं, त्यामुळे नजर, करणी असलं काही कोणी सांगायला लागलं की मी सरळ मोबाईल काढते. या ग्रुपवरचे अनुभवपण हसायलाच वाचायचे... सॉरी. आता माझाच ऐका.

गेल्या मे महिन्यात चुलत बहिणीची, प्राजूची हळद होती. तिचे वडील अण्णा, माझे चुलते. बीपी आहे, त्यात तंबाखू. मानेच्या नसेत चरबीचा थर आहे हे सोनोग्राफीत कळलेलं, पण डॉक्टर म्हणालेले, अडथळा थोडाच आहे, गोळ्या घ्या.

नवरीची उरलेली हळद आपण एकमेकांना फासतो ना, तशी मी अण्णांच्या मानेला फासली. उजवीकडं पिवळी. डावीकडं जबड्याखाली अंगठ्याएवढी जागा लालभडक झाली.

"काकू, हे बघ."

काकूनं पदरानं पुसलं. "चुना आसंल. सारखी तंबाखू मळत्यात."

पटलं. चुन्यानं हळद लाल होतेच. साबणानंही होते, म्हणून मी नुसत्या पाण्यानं मान धुतली, कोरडी केली, परत लावली... परत तिथंच लाल. आणि सोनोग्राफीतला थर बरोबर तिथंच होता.

"अण्णा, चला. मानेचा एमआरआय करू."

"येडी का काय तू? मांडवात पाव्हणं आन् बाप मशीनीत व्हय?"

"जावा की," काकू म्हणाली. "ही पोरगी उगं घाबरत न्हाई."

दुपारी स्क्रीनवर तो थर पांढरा चमकत होता. म्हणजे आत ताजं रक्त सुटलेलं. असा थर फुटला तर गुठळी थेट मेंदूत.

डॉक्टर म्हणाले, "वय, बीपी, सोनोग्राफी... कशावरूनच हा अंदाज आला नसता. तुला कोणी सांगितलं स्कॅन करायला?"

काय सांगणार? हळदीनं?

प्राजूची पाठवणी झाली आणि अण्णा थेट नाशिकला. ऑपरेशन करून थर काढला. आता बरे आहेत. तंबाखू सुटलीये, चिडचिड वाढलीये.

परवा लग्नाचा व्हिडिओ आला. हळदीचा भाग मी थांबवून थांबवून पाहिला. मी लावतेय, धुतेय, परत लावतेय — मान पिवळीच. दोन्ही वेळा. मी "काकू, हे बघ" म्हणतेय आणि काकू पिवळ्या मानेवरून पदर फिरवतेय.

मला भास झाला म्हणावं, तर स्कॅन खरा आहे. कोणाला काही सुचत असेल तर सांगा, मी विचार करून थकले.

काकूला व्हिडिओ दाखवला. तिनं कपाटातून हळदीच्या दिवशीची साडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. पदराला अंगठ्याएवढा लाल डाग.

"लई धुतली," म्हणाली. "जात न्हाई."