'ब'खालचं टिंब

माझ्या यजमानांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे भावजी, अठ्ठावीस वर्षं भूकंपमापन केंद्रात निरीक्षक होते. गल्लीत काय, कचेरीत काय, त्यांना नावाने कुणी हाक मारली नाही. थरथरे, एवढंच. कोपऱ्यावरचा दुकानदार रोज विचारायचा, "काय थरथरे, जमीन जागेवर ना?"

"तुमचा तराजू सोडला तर सगळं जागेवर आहे," भावजी म्हणायचे.

त्यांनी लग्न केलं नाही. यजमान गेल्यावर आम्ही दोघंच घरात उरलो. सकाळी आठाच्या ठोक्याला ते केंद्रात यंत्राच्या फिरत्या नळकांड्यावरचा कागद बदलत, कालच्या रेघा पट्टीने मोजत आणि प्रत्येक धक्का नोंदवहीत उतरवत. शेवटच्या रकान्यात एकच अक्षर असे. जमिनीचा धक्का असेल तर 'भू', बर्फाचा असेल तर 'ब'. गावामागे निजलेला ज्वालामुखी होता आणि त्याच्या अंगावर हिमनदी. तिला तडा गेला तरी यंत्राची सुई हलते. 'भू' वरच्या कचेरीत जाई आणि तिथून प्रश्न येत. 'ब' कपाटातच राही. म्हणून मोठ्या साहेबांचा तोंडी हुकूम होता, की उन्हाळ्यात डोंगराकडून आलेला लहान धक्का बर्फाचाच समजायचा.

भावजींनी बरीच वर्षं तो पाळला. मग एका उन्हाळ्यात त्यांनी डोंगराभोवतीच्या तीन मापन ठाण्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवून धक्के किती खोलचे ते काढलं. त्या दिवशी जेवताना मला म्हणाले, "वहिनी, गादीवरून जाडा माणूस उठला की गादी काय करते?"

"वर येते."

"लगेच?"

"कापसाची असेल तर सावकाश. कोणाबद्दल बोलताय?"

"डोंगराबद्दल. त्याच्यावरचं बर्फ दर वर्षी कमी होतंय. भार उतरला की खालची जमीन वर येते, जुन्या भेगांना सरकायला वाव मिळतो. आत तापलेला दगड असतो, दाब कमी झाला की तो सहज वितळतो. बर्फ आहे दीडशे मीटर जाड आणि हे धक्के काही किलोमीटर खालून येताहेत. मी त्यांना बर्फ कसं म्हणू?"

"मग डोंगर फुटणार?"

"तसं नाही म्हणत. शंभर वर्षं काही होणार नाही, कदाचित. पण जे हलतंय ते हलतंय असं लिहायला नको का?"

दुसऱ्या दिवशी ते साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "बर्फ गेलं तर डोंगर हलका होईल, थरथरे. हलका झालेला माणूस सुखाने झोपतो." सगळी कचेरी हसली. भावजींनी घरी येऊन मला तेही जसंच्या तसं सांगितलं.

तेव्हा त्यांची नोकरीची सहा वर्षं उरली होती. माझ्या डायरीत मंगळवार, नऊ जून, या पानावर लिहिलेलं आहे: "भावजींना म्हटलं, साहेबांशी वाकड्यात शिरू नका. 'ब'च लिहा, पण खोलचा धक्का असेल तर खाली टिंब द्या. पुढे कोणी विचारलंच तर खूण राहील. पटलं त्यांना." मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. सांगायला लाज वाटते, पण तेही त्या पानावर आहे.

सहा वर्षं टिंबं पडत राहिली. कोणी विचारलं नाही. भावजी निवृत्त झाले.

त्यानंतर दोन वर्षांनी, सकाळी दहाच्या सुमारास डोंगराचं तोंड उघडलं. राख फार नव्हती, पण उरलेलं बर्फ वितळून चिखलाचा लोंढा दगडखाणीच्या वस्तीवर आला. एकोणीस माणसं गेली. बर्फ उतरल्यामुळेच हे झालं, असं भावजी कधी म्हणाले नाहीत. डोंगर आपल्या मनानेही उठला असेल. पण तो आतून हलतोय हे वस्तीला कळलं असतं तर ती तिथून हलली असती.

चौकशी बसली. मोठे साहेब म्हणाले, असा हुकूम मी दिलाच नाही. कागदावर तो नव्हताच. मग भावजींना बोलावलं. मी पिशवीत डायरी घेऊन बरोबर गेले, मागच्या खुर्चीवर बसले. अधिकारी तरुण होता, बोलायला सभ्य होता.

"हे अक्षर तुमचं?"

"माझंच."

"आणि हे खाली टिंब कसलं? बऱ्याच ठिकाणी आहे."

आठ वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो हा. मी पिशवीत हात घातला. भावजींनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मग अधिकाऱ्याला म्हणाले, "पेन गळत होतं."

घरी येताना मी विचारलं, असं का केलंत. ते म्हणाले, "गाफील होता म्हणतील, ते सोसेन. ठाऊक होतं आणि टिंब देत बसला म्हणाले तर नाही सोसणार. आणि टिंब कोणी सुचवलं, हेही विचारतील, वहिनी."

अहवालात 'निरीक्षकाची अक्षम्य हयगय' असे शब्द आले. साहेबांचं नाव आभाराच्या यादीत होतं. दुकानदाराने जमिनीची चौकशी करणं सोडलं. वस्तीत त्याचा मेहुणा होता. भावजी समोरून गेले की तो तराजू पुसत बसे. असं चार वर्षं चाललं. गेल्या हिवाळ्यात भावजी गेले.

आता सोसायला ते नाहीत, म्हणून लिहिते. त्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. आणि अठ्ठावीस वर्षांत त्यांचं पेन एकदाही गळलं नाही.